बिऱ्हाड बुडुबुरामचे

घाना देशाची राजधानी आक्रा. तेथून पश्चिमेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बुडुबुराम नावाची वस्ती लागते. १९८९ च्या डिसेंबरात लायबेरियात यादवी भडकली आणि जीव मुठीत धरून पळालेली माणसे १९९० साली येथे येऊन टेकली. चार दिवस राहू, लढाई थांबली की परत जाऊ, असा त्यांचा हिशेब. ते चार दिवस वीस वर्षांवर लांबले! तंबूंच्या जागी पक्की घरे उभी राहिली, दुकाने थाटली गेली, शाळा निघाल्या. एके काळी तेथे ४०,००० च्या आसपास माणसे राहत. पाणी मात्र टँकरने यायचे आणि बादलीच्या भावाने विकत घ्यावे लागायचे; त्यातले दुःख आपल्या गृहिणींना निराळे सांगायला नको.

घानाने आसरा दिला, हे मान्य केलेच पाहिजे. १९९६ च्या मे महिन्यात 'बल्क चॅलेंज' नावाचे मालवाहू जहाज हजारो लायबेरियनांना घेऊन समुद्रात भटकत होते. आयव्हरी कोस्टने त्यांना ठेवून घेतले नाही. घानानेही प्रथम नकारघंटा वाजवली, पण अखेर ताकोरादी बंदरात त्यांना उतरू दिले.

पण आसरा निराळा आणि घर निराळे. निर्वासिताला घर मिळण्याच्या वाटा तीनच: मायदेशी परतणे, तिसऱ्या देशात जाणे, किंवा आहे तेथेच मुळे धरणे. परतावे, तर लायबेरियात पुन्हा युद्ध पेटलेले. ते थांबवणारा करार २००३ साली आक्र्यातच झाला. अमेरिकेची वाट थोड्यांनाच सापडली. आणि येथेच राहावे, तर जमीन दुसऱ्याची, भोवतालची बोली फांटी, नोकऱ्या घानावासीयांनाच पुरेनात.

२००८ साली छावणीतल्या बायका ठाण मांडून बसल्या. तिसऱ्या देशात पाठवा, नाहीतर परतण्यासाठी माणशी १,००० डॉलर द्या, ही त्यांची मागणी. देऊ केले होते १०० डॉलर! पोलिसांनी ६०० हून अधिक जणींना व मुलांना पकडले. काही पुरुषांची तर थेट लायबेरियात रवानगी झाली. १०० डॉलरांत उजाड गावी संसार कसा मांडावा, या त्यांच्या प्रश्नाला मात्र कोणी नीट उत्तर दिले नाही.

तोडगा निघाला तो कागदाचा. ३० जून २०१२ रोजी लायबेरियनांचा निर्वासित म्हणून असलेला दर्जा संपला. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या 'एकोवास' या संघाने १९७९ पासून सभासद देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाण्याची व पुढे राहण्याची मुभा मान्य केली होती. तेव्हा ज्यांना घानात राहायचे होते, त्यांनी लायबेरियाचे पारपत्र घ्यावे आणि त्यावर घानाने राहण्याचा व काम करण्याचा परवाना द्यावा, असे ठरले. गंमत पाहा! ज्या देशातून पळ काढला, त्याच देशाचे पारपत्र हाती धरल्याशिवाय परक्या देशात राहता येईना. युक्ती नामी, यात शंका नाही. कारण निर्वासित हा शिक्का पुसून तो माणूस शेजारच्या देशातून आलेला साधा कामकरी ठरला.

तरी त्यालाही मेख होतीच. परवान्याला मुदत असते आणि तो घेऊन कोणी घानाचा नागरिक होत नाही. २०२४ साली वस्तीत गुन्हेगारी माजल्याचे कारण देऊन सरकारने तेथील कितीतरी घरे पाडली. राहण्याचा परवाना ज्यांच्याजवळ होता, त्यांनाही त्या कागदाने घराखालची जमीन दिलेली नव्हती.