गोळीचे दुसरे काम

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पनवेल सोडल्यावर रसायनीवरून पुढे येते. तिथून जवळच पाताळगंगेची औद्योगिक वसाहत. सिप्लासारख्या कंपन्यांची औषधे तिथे तयार होतात. आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे करत गाडी निडीला मिनिटभर थांबते आणि पुढे रोह्याला संपते. रोह्याशेजारच्या धाटावातही औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. निडी हे गाव असे औषधांच्या दोन मुक्कामांच्या मध्ये पडले आहे. गोळी कारखान्यात कशी बनावी याचे नियम कडक आहेत. ती कोणाच्या पोटात, कोणत्या दिवशी, कशाच्या जोडीला जाते, हे मात्र बहुतेक वेळा मेडिकलच्या काउंटरवर दोन वाक्यांत ठरते.

जुलैत हे सहज दिसते. लावणी सुरू झाली की दिवसभर खाचरात वाकून काम. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, गुडघे बोलू लागतात. मग ‘दुखण्याची एक गोळी’ येते. ती बहुधा डायक्लोफिनॅकची किंवा तिच्या भावकीतल्या अॅसिक्लोफिनॅकची असते. कायद्याने डायक्लोफिनॅक ‘शेड्यूल एच’मधले औषध, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचे नाही. पाकिटावर त्यासाठी उभी लाल रेघही असते. पण गावात गोळ्या पाकिटाने जात नाहीत, दोन-दोन कापून जातात. कात्री लागली की आधी औषधाचे नाव जाते, मग मुदतीची तारीख. हातात उरतात दोन गोल खळगे आणि रंगावरून ओळखायची गोळी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने विचारले, ‘काय घेतले होते?’ तर उत्तर येते, ‘पिवळी होती.’

या गोळ्या नेमके काय करतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये अॅस्पिरिनवर काम करताना दाखवले. त्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल मिळाले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ जागच्या जागी तयार होतात, काम करतात आणि लगेच विरतात. दुखऱ्या सांध्यात ते वेदना आणि सूज वाढवतात. गोळी ते तयारच होऊ देत नाही, म्हणून दुखणे थांबते. मात्र हेच पदार्थ जठरात आतल्या अस्तरावर चिकट थर टिकवून धरतात आणि मूत्रपिंडात रक्ताचा पुरवठा सांभाळतात. रक्तात गेलेल्या गोळीला फक्त गुडघ्यापाशी उतरायचे हे कळत नाही. ती सगळीकडे तेच काम करते. आम्लपित्त, पोटात व्रण, काळी शौच हे त्याच कामाचे दुसऱ्या जागचे परिणाम. गोळी जेवल्यावर घ्यावी हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने जळजळ कमी होते, पण जठराचे संरक्षण रक्तातून आलेल्या औषधानेही ढिले पडते. त्यामुळे भरल्या पोटाचा आधार लोकांना वाटतो तितका भक्कम नाही.

पोटाची तक्रार निदान जाणवते तरी. मूत्रपिंड गप्प असते, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे.

मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि नेणारी दुसरी, भाताच्या खाचराला वरचे तोंड नि खालचे तोंड असते तशी. खाचरात पाण्याची पातळी राहिली तरच गाळण होते. माणूस घामाने निथळला, पाणी कमी प्याला, की रक्ताचा जोर घटतो. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन वरचे तोंड रुंद करून पातळी राखतात. एरवी त्यांची तिथे फारशी गरज नसते. म्हणून घरी बसलेल्या धडधाकट माणसाने दोन दिवस डायक्लोफिनॅक घेतले तर सहसा काही बिघडत नाही. गरज पडते ती वैशाखात वीटभट्टीवर राबणाऱ्याला, उन्हातून डोईवर भारा आणणारीला, जुलाबाने कोरड्या पडलेल्याला. म्हणजे ज्यांचे अंग सर्वांत जास्त दुखते त्यांनाच.

आता त्यात रक्तदाबाच्या गोळ्या मिळवा. रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधे खालचे तोंड मोकळे करतात. एरवी ते चांगलेच, मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला तर त्याने संरक्षणच मिळते. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाणी आणि मीठ काढून टाकतात. खालचे तोंड उघडे, पाणी आधीच कमी, आणि पेनकिलरने वरचे तोंड आवळलेले. तिन्ही एकत्र आले की गाळणीतली पातळी बसते. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड तर एकाच गोळीत जोडून मिळतात. घेणाऱ्याच्या हिशेबाने तो दोनच गोळ्या घेत असतो, एक बीपीची आणि एक गुडघ्याची. मूत्रपिंडाच्या हिशेबाने त्या तीन असतात. लघवी कमी होते, पायांवर सूज येते, रक्तातले क्रिएटिनिन वाढते. वेळीच कळले तर बहुतेक वेळा पुन्हा सगळे जागेवर येते. हे वाचून कोणी बीपीची गोळी मनाने बंद करू नये. थांबवायची असते ती पेनकिलर.

मूत्रपिंडावर डायक्लोफिनॅक किती निष्ठुर होऊ शकते याचा सर्वांत मोठा पुरावा माणसांत सापडला नाही, आकाशात सापडला. निडीच्या दक्षिणेला, याच रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यात चिरगावच्या झाडांवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची वसाहत आहे. महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांची ‘सिस्केप’ संस्था ती जपत आली आहे. जपावी लागली, कारण १९९० च्या दशकात देशभरातून गिधाडे नाहीशी होत गेली. राजस्थानात भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांच्या ते आधी ध्यानात आले. कारण सापडले २००४ मध्ये, पाकिस्तानातल्या पंजाबात. मेलेल्या गिधाडांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा लेप चढलेला होता, मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि शरीरात डायक्लोफिनॅक होते. आजारी गुराला दुखणे कमी व्हावे म्हणून इंजेक्शन दिलेले, ते जनावर मेले, गिधाडांनी खाल्ले. इतकी थोडी मात्रा पुरली. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

माणूस गिधाड नाही. आपले यकृत डायक्लोफिनॅकचा निम्मा साठा एक-दोन तासांत रक्तातून काढते, गिधाडाच्या अंगात ते कितीतरी जास्त वेळ रेंगाळते. तरी गोष्ट आपल्याकडे वळतेच. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. शेवटी २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शनही फक्त ३ मिलिलीटरच्या एका मात्रेच्या कुपीत विकावे असे ठरवावे लागले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेला अंदाज तर अंगावर येतो. गिधाडे नसल्याने गुरांची मढी उघड्यावर पडून राहिली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली, आणि २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली. गोळीच्या पाकिटात घडी घालून ठेवलेल्या कागदावर हा दुष्परिणाम छापलेला नसतो.

हृदयाचेही थोडक्यात सांगायला हवे. याच भावकीतले रोफेकॉक्सिब पोटाला सौम्य म्हणून गाजले आणि हृदयविकाराचे झटके वाढवते असे दिसल्याने सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतले. डायक्लोफिनॅकचा स्वभाव त्याच्या बराच जवळ जातो. म्हणून २०१३ मध्ये युरोपच्या औषध यंत्रणेने हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ते देऊ नये असे सांगितले.

पुन्हा लावणीकडे. चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्याला अंग मोडून ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर तो थकवा असेल किंवा लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेला हा जंतू स्वतःच मूत्रपिंडावर हल्ला करतो. ताप डेंगीचाही असू शकतो. त्यात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्रावाचा धोका असतो. दोन्हींत पेनकिलर वाईट. लेप्टोत ती आजारी मूत्रपिंडाला दुसरा धक्का देते, डेंगीत जठरातून रक्त जाऊ शकते. वर ताप उतरल्याने दोन दिवस बरे वाटते आणि आरोग्य उपकेंद्रात जाणे लांबते. पावसाळ्यातल्या तापाला कारण कळेपर्यंत साधे पॅरासिटामॉल, हे डॉक्टर उगीच सांगत नाहीत.

लेप्टो होऊ नये म्हणून कोकणात हंगामात डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. चांगले औषध आहे, जीव वाचवते. पण ते घेतलेल्या कातडीला ऊन सोसत नाही, थोड्या उन्हातही ती भाजल्यासारखी लाल होऊ शकते. शेतकऱ्याला ‘उन्हात जाऊ नका’ हा सल्ला कोणी कसा द्यायचा हा प्रश्नच आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला एवढे तरी सांगता येते. शिवाय ही गोळी घोटभर पाण्याने घेऊन लगेच अंथरुणावर पडले, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. पेलाभर पाणी आणि त्यानंतर अर्धा तास बसून राहणे, इतकेच पथ्य. ते सांगायला पाच सेकंद लागतात.

औषधाचे काम आणि त्याचा त्रास एकच असू शकतो याचे उत्तम उदाहरणही रायगडचेच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती. विषामुळे शरीरात अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. बावस्करांनी प्राझोसिन वापरले. रक्तदाबाची ही गोळी तेव्हा बदनाम होती, कारण पहिल्या मात्रेला दाब एकदम उतरून माणूस उभ्या उभ्या कोसळे. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे हेच तर इथे हवे होते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास दगावत, ते प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आले. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवायचे, पोराला उचलून कडेवर घ्यायचे नाही, ही खबरदारी उपचाराचाच भाग झाली. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

त्याच गुणधर्माचे तॅम्सुलोसिन आज प्रोस्टेटसाठी कितीतरी म्हाताऱ्यांना चालू असते. मूत्रमार्ग सैल होतो, लघवी सुटते. पण ते घेणारा रात्री झटकन उठला की त्याला चक्कर येते. आजोबा रात्री न्हाणीत पडले आणि खुब्याचे हाड मोडले, तर घरचे वयाला दोष देतात. गोळ्यांची पिशवी कोणी उघडून पाहत नाही.

पॅरासिटामॉलला वर चांगले म्हटले, तर त्याचेही सांगतो. मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. दारू घेणाऱ्याला आणि उपाशी माणसाला त्याहून बरीच कमी, कारण यकृत ज्या ग्लुटाथायोनने त्याचे विषारी अंश निपटते त्याचा साठा त्यांच्याकडे आटलेला असतो. अडचण अशी की ते बरेचदा दुसऱ्या नावाने पोटात जाते. सर्दीच्या गोळीत ते असते, अंगदुखीच्या जोडगोळीत असते, आणि तापासाठी वेगळे घेतलेले असतेच. सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ औषध-मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत ५० मिलिग्रॅम अॅसिक्लोफिनॅक आणि १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळीही होती. असे मिश्रण मुळात कोणाच्या सोयीसाठी बनले होते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. माझ्या मते तोच पहिला प्रश्न होता.

दुष्परिणाम कळवायला देशात व्यवस्था आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचे मध्यवर्ती काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालते. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतले जाणारे मेफेनॅमिक अॅसिड (मेफ्टाल नावाने ओळखीचे) क्वचित ‘ड्रेस’ नावाची गंभीर प्रतिक्रिया घडवते, अशी सूचना २०२३ च्या नोव्हेंबरअखेर तिथूनच निघाली. यात ताप येतो, अंगभर पुरळ उठते, गाठी सुजतात, यकृताला इजा होते, आणि हे सगळे गोळी घेतल्यानंतर काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकते. त्यामुळे गोळीशी त्याचा संबंध लावणे अवघड जाते. तो लागतो, कारण कुठल्या तरी डॉक्टरने, परिचारिकेने किंवा रुग्णाने अर्ज भरून पाठवलेला असतो. त्यासाठी कारण सिद्ध झालेले असण्याची गरज नाही, शंका पुरते. रुग्ण स्वतः फोनही करू शकतो. १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि कामाच्या दिवशी चालू असतो. फोन करताना औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक विचारतात. दोन्ही पाकिटावर छापलेले असतात, म्हणून सुट्या गोळ्या घ्याव्याच लागल्या तर मेडिकलवाल्याकडून कागदावर नाव लिहून किंवा मोबाइलवर पूर्ण पाकिटाचा फोटो काढून घ्यावा.