घरच्या घरीं वारली रेषा

भेटपत्रासाठीं वा भिंतीवरील चित्रासाठीं महागडी रंगपेटी लागतेच असें नाहीं. पालघरकडील वारली स्त्रिया गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानेंच चित्रें काढीत आल्या आहेत. चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच त्यांचा कुंचला.

घरींही तेवढेंच साहित्य पुरतें. भेटपत्राच्या जाड कागदाची घडी आधींच घालावी. मागाहून घातल्यास रंगास तडा जातो. मग गेरूचा हात देऊन कागद पूर्ण वाळूं द्यावा. तांदळाचें बारीक पीठ पाण्यांत कालवावें. गेरूंत व पिठांत थोडा डिंक हवाच, एरव्हीं वाळल्यावर दोन्ही झडतात. दोन त्रिकोण टोकाशीं टोक जोडले कीं माणसाचें धड होतें. वर वर्तुळाचें डोकें, बाजूंस रेषांचे हातपाय.

एक भान मात्र ठेवावें. लग्नांतील चौक व त्यांतील पालघट देवी हें केवळ शोभेचें काम नव्हे; तो सुवासिनींच्या हातचा विधि आहे. जिव्या सोमा मशे यांनीं १९७० च्या दशकापासून ही कला कागदावर आणून शेतें, नाच, मासेमारी असे रोजचे विषय रंगविले. २०११ मध्यें त्यांना पद्मश्री किताब मिळाला. भेटपत्रावर असेच विषय घ्यावेत; चौक लग्नघराच्या भिंतीवरच राहूं द्यावा.