काचेतला समुद्र

काचेच्या पेटीत समुद्र मावेल काय? इंडोनेशियातील ली चिन एंग या हौशी गृहस्थांनी १९६१ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी टाकीत समुद्राचे पाणी व प्रवाळखडकातले जिवंत दगड घातले, हवेचे बुडबुडे सोडले; आणि प्रवाळ जगले. यात जादू नव्हती, रसायनशास्त्र होते.

पहिली गोष्ट मीठ. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कोकणातली मिठागरे आपण पाहिली आहेत: पाणी उडते, मीठ मागे राहते. टाकीतही तेच घडते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करावयाची. खारे पाणी ओतीत गेल्यास खारटपणा वाढतच जाईल.

दुसरी गोष्ट घाण. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया निघतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या थोडा वर असतो आणि अशा अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. परंतु दगडावरचे जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. दगडाच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, दुसरे जंतू नायट्रेटपासून नत्रवायू करून सोडून देतात. हे जंतू वाढावयास काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी टाकी माशांनी भरणाऱ्या उतावळ्याच्या पदरी मेलेले मासे येतात, ते यामुळे!

तिसरी गोष्ट चुना. प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते व कार्बोनेट उचलून तो आपले घर बांधतो. टाकीतली ही शिल्लक हळूहळू संपते. तिच्या भरपाईचा एक उपाय आपल्या ओळखीचाच आहे: चुन्याची निवळी! उडालेल्या पाण्याच्या जागी ती थेंबथेंब घालतात. एकदम ओतली तर सामू चढतो आणि जीव दगावतात.

टाकीचा धनी निवळी घालू शकतो. समुद्राला कोण घालणार? आपण जाळलेल्या कोळशातेलाचा कार्बन डायॉक्साइड समुद्रात विरघळतो. यंत्रयुगापूर्वी सुमारे ८.२ असलेला त्याच्या पृष्ठभागाचा सामू आज ८.१ च्या आसपास उतरला आहे. फरक एक दशांशाचा दिसतो. पण सामूच्या हिशेबात तो आम्लतेत सुमारे पाव हिश्श्याची वाढ दाखवितो, आणि तितके प्रवाळाचे घर बांधणे कठीण होते. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. त्यांची टाकी बदलता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.