हळदीकुंकवापलीकडचे मंडळ

महिला मंडळ म्हटले की भिशी आणि पाककृती स्पर्धाच अनेकांना आठवतात. महाराष्ट्रातला इतिहास वेगळे सांगतो. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुणे सेवासदनाची धुरा उचलली.

सेवासदनात लिहिणे-वाचणे आणि शिवणकाम शिकवले जाईच. पण खरे धाडस होते परिचारिका प्रशिक्षणाचे. पांढरपेशा घरातल्या विधवेने ससून रुग्णालयात परक्या रोग्यांची शुश्रूषा करायची, ही कल्पनाच त्या काळच्या पुण्याला पचत नव्हती. रमाबाई रानडे मात्र मागे हटल्या नाहीत. त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटत, सणासुदीला सुधारगृहातल्या मुलांना खाऊ वाटत, रुग्णांना फळे, फुले आणि पुस्तके देत. आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जात आणि वारकरी स्त्रियांच्या मदतीला उभ्या राहत. यात्रेच्या गर्दीत बायकांची म्हणून वेगळी सोय लागते, हे तेव्हा किती जणांना सुचले असेल? १९१३ मध्ये त्या दुष्काळी कामासाठी गुजरात-काठियावाडपर्यंत गेल्या.

रमाबाई रानडे १९२४ मध्ये वारल्या. १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

असे काम करू पाहणाऱ्या तुमच्या मंडळाची नोंदणी व्हायची आहे का? १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सभासद पुरतात.