दूरदर्शक, प्रकाशीय
दूरच्या वस्तूपासून येणारा दृश्य प्रकाश भिंगाने किंवा आरशाने एकत्रित करून तिची प्रतिमा मिळविणारे उपकरण. व्यवहारात याला दुर्बीण म्हणतात. वस्तू मोठी दिसणे हे त्याचे मुख्य कार्य असल्याचा समज आहे. खगोलशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे कार्य म्हणजे अधिक प्रकाश गोळा करणे होय. हा प्रकाश द्वारकाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंधारात डोळ्याच्या बाहुलीचा व्यास सु. ७ मिमी. धरल्यास ५१ सेंमी.चा आरसा डोळ्याच्या सु. ५,३०० पट प्रकाश गोळा करतो.

हॉलंडमधील हान्स लिपरशे यांनी १६०८ मध्ये दूरदर्शकाच्या एकस्वासाठी अर्ज केला. पुढील वर्षी गॅलिलीओ यांनी स्वतः बनविलेला दूरदर्शक आकाशाकडे वळविला. या प्रणमनी प्रकारात वस्तुभिंगाने बनलेली प्रतिमा नेत्रिकेतून पाहतात. निरनिराळ्या रंगांचे किरण भिंगातून कमीजास्त वळत असल्याने प्रतिमेभोवती रंगीत कडा उमटतात (वर्णीय विपथन). हा दोष भिंगात अटळच आहे, असे मानून न्यूटन यांनी १६६८ मध्ये आरशाचा, म्हणजे परावर्ती, दूरदर्शक तयार केला. त्यांचे अनुमान चुकीचे होते; दोन प्रकारच्या काचा जोडून केलेल्या भिंगाने हा दोष पुष्कळसा घालविता येतो, हे अठराव्या शतकात सिद्ध झाले. मात्र भिंगाला केवळ कडेनेच आधार देता येत असल्याने ते स्वतःच्या वजनाने वाकते. १०२ सेंमी. व्यासाच्या यर्कीझ दूरदर्शकापाशी (१८९७) प्रणमनी प्रकाराची वाढ थांबली. आरशाला मागून आधार देता येतो. शिवाय १८५७ च्या सुमारास काचेवर चांदीचा मुलामा देण्याची रीत आल्यावर जड व लवकर काळवंडणारे धातूचे आरसे मागे पडले.

महाराष्ट्रातील पहिला मोठा दूरदर्शक याच प्रकारचा होता. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय) वेधशाळा उभी राहिली व कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी तीत डब्लिन येथील ग्रब यांचा ५१ सेंमी.चा दूरदर्शक बसविला. मृगातील अभ्रिकेच्या वर्णपटातील प्रमुख हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे लॉकियर यांचे मत होते. तसे असते, तर तिची एक कड पुसट दिसावयास हवी होती. पुण्याच्या वेधांत ती सर्व परिस्थितींत रेखीवच आढळली. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनाची असल्याचे १९२७ मध्ये कळले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगामवाला यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या सीमेलगतच्या करमाळा तालुक्यातील जेऊर येथून घेतले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही तेथेच होते. वेधशाळा मात्र एका माणसाच्या बळावर चालली होती. १९१२ मध्ये ते निवृत्त होताच ती मोडली व दूरदर्शक कोडईकानलला गेला. असे मोठे साधन राज्यात पुन्हा येण्यास २००६ साल उजाडले. पुण्याच्या आयुका या संस्थेने जुन्नर रस्त्याच्या परिसरात गिरवली येथे २ मी. व्यासाचा कॅसेग्रेन दूरदर्शक उभारला. या प्रकारात दुय्यम आरसा मुख्य आरशातील मधल्या भोकातून प्रकाश मागे पाठवितो, त्यामुळे नळी आखूड राहते व जड वर्णपटमापक मागे टांगता येतो. हा आरसा पुण्याच्या जुन्या आरशाच्या सु. १५ पट प्रकाश गोळा करतो. मात्र पावसाळ्यात ढगांमुळे वेध बंद ठेवावे लागतात.

विस्तृत आकाशाच्या छायाचित्रणासाठी श्मिट (१९३०) यांनी भिंग व आरसा यांचा संयोग केला. एकसंध आरशाच्या वजनाची अडचण केक दूरदर्शकात ३६ षट्कोनी तुकड्यांचा १० मी. आरसा रचून टाळली आहे. भारतात कवलूर येथे २.३४ मी. (१९८६) व देवस्थळ येथे ३.६ मी. (२०१६) व्यासाचे दूरदर्शक आहेत.