तळं कुणाच्या नावावर?

मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ चा एक निकाल मी इतक्यांदा उघडला आहे की त्याच्या नकलेच्या घड्या आता चिकटपट्टीनं जोडाव्या लागल्या आहेत. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’. हा महाडच्या चवदार तळ्याचा दावा. सत्याग्रह शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. पण त्या ओंजळभर पाण्यावरून पुढे जवळजवळ दहा वर्षं दिवाणी दावा चालला, तीन न्यायालयांत चालला, हे कोर्टात उभा जन्म काढलेल्या माणसांनाही पुष्कळदा माहीत नसतं.

मी दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून लागलो आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर लोक घरी येऊन एकच विचारतात, ‘हक्काचं प्रकरण आहे, चांगला वकील सांगा.’ कुणाला पोलिसांनी मारलेलं असतं, कुणाच्या वस्तीला नळ दिलेला नसतो, कुणाची झोपडी नोटिशीशिवाय पाडलेली असते. मी नाव सांगायच्या आधी महाडची हकीकत सांगतो. नागरी हक्काचा वकील ओळखायची त्याहून चांगली शिकवण मला अजून सापडलेली नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचं कागदावर आणलं. कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली, तळं १०८ घागरी पंचगव्य ओतून ‘शुद्ध’ करण्यात आलं, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं होत होती त्या दिवशी, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा महाडच्या काही सवर्ण मंडळींनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. प्रतिवादी पाच. डॉ. आंबेडकर आणि सीताराम नामदेव शिवतरकर हे मुंबईचे, बाकीचे तिघे महाडचे. परिषदेसाठी गावात कुणी जागा देईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. लोक तुरुंगात जायची तयारी करून आलेले. सभेत एकामागून एक वक्ता म्हणत होता, हुकूम मोडू. कुलाब्याचे कलेक्टर स्वतः येऊन थांबायला सांगून गेले.

बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, मग तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पण पाण्याला कुणी हात लावला नाही. या निर्णयाबद्दल अजूनही उलटसुलट बोललं जातं. मला मात्र त्यात ग्रेज इनचा बॅरिस्टर स्पष्ट दिसतो. भांडण सरकारशी नव्हतं, खाजगी वाद्यांशी होतं. मनाई हुकूम मोडला असता तर पाण्याचा हक्क बाजूला राहून न्यायालयाच्या अवज्ञेवरच सुनावणी झाली असती. त्यांनी तो दरवाजा वाद्यांना उघडून दिला नाही. दहा हजारांच्या सभेला ‘आज नाही’ सांगायला जी छाती लागते, ती वकिलातही लागते. अशिलाला आवडेल तेच बोलणारा वकील मी कधीच सुचवत नाही.

आता दावा. वाद्यांचं म्हणणं साधं होतं: अनादी काळापासूनची वहिवाट आहे, तळं स्पृश्यांचं आहे. त्यांच्या बाजूनं मंदिरांचे जुने निवाडे होते. त्या निवाड्यांत न्यायालयांनी वरच्या जातींची बंदी मान्य केलेली होती. उत्तर दोन तऱ्हांनी देता आलं असतं. एक, ही चाल माणुसकीला सोडून आहे असं गर्जून सांगणं. ते खरंच होतं, पण १९२७ साली त्या वाक्याला कायद्यात पाय नव्हते. राज्यघटना यायला बावीस वर्षं होती. दुसरी तऱ्हा म्हणजे विचारणं, तळं कुणाच्या नावावर? नगरपालिकेच्या. मग मंदिराचा न्याय तळ्याला कसा लागेल? आणि वहिवाट अनादी म्हणता, तर ती सिद्ध करा.

८ जून १९३१ ला महाडचे न्यायाधीश वि. र. सराफ यांनी दावा फेटाळला. वहिवाट जुनी असेल, पण एका वर्गानं वापरलं आणि दुसऱ्यानं वापरलं नाही एवढ्यानं दुसऱ्याला हाकलण्याचा कायदेशीर हक्क तयार होत नाही, असा त्याचा सारांश. ३० जानेवारी १९३३ ला ठाण्याच्या अपिलात वाद्यांच्या हातून तेवढंही गेलं, कारण वहिवाट अनादी असल्याचं शाबीतच झालं नाही. उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी ठाण्याचा निष्कर्ष कायम केला. त्यांच्या निकालातली एक गोष्ट मला फार आवडते. तळ्याच्या भोवती सवर्णांची घरं झाली तेव्हाच कुठे इतरांना अडवण्याचा प्रश्न उभा राहिला असणार, त्याआधी कोण कशाला अडवायला जाईल, असा विचार त्यांनी मांडला आहे. अनादी म्हणवणाऱ्या रूढीला त्यांनी आजूबाजूच्या घरांच्या वयानं मोजलं! (हेच ब्रूमफील्ड अहमदाबादेत जिल्हा न्यायाधीश असताना गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावून गेले होते, १८ मार्च १९२२ ला. तळ्याचा निकाल लागला तेव्हा त्या घटनेला पंधरा वर्षं व्हायला एक दिवस कमी होता.)

मी महाडला तीनदा गेलो. पहिल्यांदा एसटीनं, भर मे महिन्यात. त्या वेळी बाबासाहेब बोटीनं दासगावला उतरत आणि तिथून महाडला जात, म्हणून मीही आधी दासगावला जाऊन खाडीकाठी उभा राहिलो. तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो तर पाण्यापेक्षा चारी बाजूंच्या घरांकडेच नजर गेली. निकालातलं ते वाक्य डोळ्यांसमोर बांधून ठेवल्यासारखं होतं. दुसऱ्या खेपेला गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, ‘पाणी बघायला आलात ना, मग घरं काय मोजताय?’ त्यांना निकाल सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग स्वतःचं घर कोणतं ते बोटानं दाखवलं.

वकील आणि अशील यांच्या नात्याचा विषय निघाला की टिळकांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी दिनशा दावर यांनी बाजू मांडली आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. अकरा वर्षांनी तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत होते. जिनांनी मागितलेला टिळकांचा जामीन त्यांनी नाकारला आणि ज्यूरीच्या सात विरुद्ध दोन अशा कौलानंतर सहा वर्षांची शिक्षा दिली. त्या खटल्यात टिळकांनी स्वतःच भाषण केलं, एकवीस तासांहून अधिक. भाषण अजरामर झालं, टिळक मंडालेला गेले. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून वीस हजारांचा जातमुचलका मागितला गेला, तेव्हा मात्र त्यांनी जिनांना उभं केलं. भाषणं सगळी वाचा, सुटी वाक्यं उचलू नका, असा रोख जिनांनी ठेवला आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला उच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. इतिहासाला ऐकवायचं असेल तर स्वतः बोलावं. सुटायचं असेल तर बोलणं दुसऱ्याच्या हाती द्यावं, असं मला वाटतं.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. घटनेच्या अनुच्छेद १७ नं अस्पृश्यता संपवली. मूलभूत हक्कांसाठी ३२ खाली सर्वोच्च आणि २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. १९५५ च्या कायद्याला आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याहून कडक आहे. मुंबई उच्च न्यायालय नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातही बसतं. २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच आहे.

वकील निवडायचा तर आधी कोर्टात जाऊन बसा. न्यायालयाचं दार सगळ्यांना उघडं असतं. ज्याचं नाव ऐकलं आहे तो वकील पुकारा झाल्यावर हजर असतो का, की कनिष्ठ धावत येऊन तहकुबी मागतो, हे दोन दिवसांत कळतं. फलक आणि जाहिराती यांवर जाऊ नका. वकिलानं जाहिरात करायची नाही असा बार कौन्सिलचाच नियम आहे. ‘निकाल लागला की भरपाईतला हिस्सा द्या’ असं कुणी म्हणालं तर उठून या. आपल्याकडे ते नियमबाह्य आहे. अमेरिकेत नागरी हक्काचं प्रकरण जिंकलं तर वकिलाची फी हरलेल्या बाजूकडून मिळू शकते, १९७६ पासून तसा कायदा आहे, आणि त्यामुळे तिथे गरिबाला वकील मिळायला मोठा आधार होतो. आपल्याकडे तशी सोय असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

मोठं नाव म्हणजे मोठं काम, हेही खरं नाही. वरिष्ठ वकील म्हणून दर्जा मिळालेल्यांना वकीलपत्र घेता येत नाही. त्यांच्यासोबत दुसरा वकील लागतोच, आणि याचिका लिहिणारा, नकला काढणारा, रोजनामा बघणारा तोच असतो. त्याला आधी भेटा. तुमच्या याचिकेचा मसुदा सही करण्यापूर्वी मराठीत समजावून मागा. आणि हरलेला खटला बघून वकील नाकारू नका. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या बदनामी प्रकरणात बाबासाहेबांनी जेधे-जवळकरांना अपिलात सोडवलं. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’साठी तेच उभे राहिले आणि हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. दोन्ही खटले अंगावर घेण्यासारखेच होते.

पैसे नसतील तर? हा प्रश्न लोक खाली बघून विचारतात. खाली बघायचं कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला कुणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच समितीची खोली असते. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. हा हक्क आपल्याच राज्यातल्या प्रकरणांतून घट्ट झाला. १९७८ च्या होसकोट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कैद्याला निकालाची नक्कल आणि अपिलासाठी वकील विनामूल्य मिळालाच पाहिजे असं सांगितलं. मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून पत्रकार शीला बारसे यांनी न्यायालयाला नुसतं पत्र पाठवलं होतं, त्यावर १९८३ साली निर्देश निघाले. अत्याचाराच्या खटल्यात सरकारी वकील असतोच, पण पीडिताची इच्छा असेल तर जिल्हा दंडाधिकारी नामांकित वरिष्ठ वकील नेमू शकतात, आणि आरोपीच्या जामिनावर पीडिताला ऐकून घ्यावंच लागतं. हे सांगितलं की लोक मला दोनदा विचारतात, खरंच का?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे कपडे शिवून देणाऱ्या एक वहिनी आल्या. त्यांच्या माहेरच्या वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. भावानं जिल्ह्यातला एक नावाजलेला वकील लावला होता. वकीलपत्र झालं, फी गेली, तीन तारखा गेल्या, वकील एकाही तारखेला उभा राहिला नाही. मी त्यांना घेऊन तालुक्यातल्या एका तरुण वकीलबाईंकडे गेलो. आधीच्या वकिलाची ना हरकत घेऊन या, एवढं सांगून त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘विहीर कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीचा उतारा काढलाय का, काका?’

माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं, तुम्ही महाडचा निकाल वाचलाय? त्या म्हणाल्या, नाही, पण ती खाजगी विहीर निघाली तर आपली वाट वेगळी, पंचायतीची निघाली तर वेगळी, म्हणून आधी उतारा.

उतारा निघाला. विहीर पंचायतीची होती, दुरुस्तीचा खर्चही पंचायतीच्या वहीत होता. त्या कागदांसह पोलिसांत तक्रार आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज एकाच दिवशी गेला. पाचव्या दिवशी वहिनींच्या भावजयीनं त्या विहिरीवरून दोन कळशा भरल्या. माझ्याकडची निकालाची एक जादा नक्कल मी वकीलबाईंना देऊन आलो. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी घरांच्या वयाच्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती.