वैद्यकीय प्रवेशाआधीची रुग्णसेवा

अमेरिकेत डॉक्टरकीचे शिक्षण साधारणतः चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते. पदवीचे गुण आणि ‘एमकॅट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा यांच्याबरोबरच अर्जदार आजारी माणसांमध्ये किती वावरला, हेही प्रवेश समित्या पाहतात. हा अनुभव मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाची शिकवण वेगळी आहे.

अनेकांची सुरुवात शॅडोइंगने होते. विद्यार्थी रुग्णाच्या संमतीने डॉक्टरांसोबत राहून फक्त पाहतो. तिथे कानावर पडलेले बाहेर बोलायचे नसते. १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याने रुग्णाच्या माहितीला संरक्षण दिले आहे.

स्क्राइब डॉक्टरांच्या शेजारी बसून रुग्णाची तक्रार, पूर्वीचे आजार, तपासणीत आढळलेल्या गोष्टी आणि ठरलेले उपचार संगणकावर नोंदवतो. लक्षणांपासून निदानापर्यंत डॉक्टर कसे पोचतात, हे त्याला रोज दिसते.

नर्सिंग असिस्टंटचे काम रुग्णाच्या सर्वांत जवळचे. नर्सिंग होममधील या कामासाठी केंद्रीय नियमांनुसार किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते. त्यांपैकी किमान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते. अंग पुसणे, घास भरवणे, बेडपॅन देणे, लघवी मोजून लिहिणे ही रोजची कामे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस वेळेवर बदलली नाही, तर माकडहाडावर आणि टाचांवर सतत दाब पडून जखमा होतात. कूस बदलताना कातडी लाल झाली आहे का, हे प्रथम या सहायकालाच दिसते. रुग्णाला न संकोचवता त्याच्या शरीराची काळजी घेणे इथे अंगवळणी पडते.

रुग्णवाहिकेवरचा ईएमटी, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, नाडी, श्वास, रक्तदाब तपासतो, रक्तस्राव थांबवतो, गरज पडल्यास सीपीआर देतो आणि रुग्णालयात पोचताच मोजक्या शब्दांत सगळी माहिती देतो. हॉस्पिसमधील स्वयंसेवक मृत्यू जवळ आलेल्या माणसाजवळ बसतो, त्याचे ऐकतो, घरच्यांना थोडी उसंत देतो. बरे करणे शक्य नसतानाही करण्यासारखे खूप असते, हे त्याला तिथे समजते.

बहुतेक एमडी महाविद्यालयांसाठीच्या ‘ॲमकास’ या सामायिक अर्जात अशा कामांसह जास्तीत जास्त १५ उपक्रम नोंदवता येतात. त्यांपैकी तीन सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडून त्यांच्याविषयी अधिक लिहिता येते. तिथे तासांच्या बेरजेइतकेच रुग्णांकडून काय शिकलो हे महत्त्वाचे ठरते. या कामाचा पहिला लाभ मात्र अर्जाआधीच होतो: आजारी माणसांच्या सोबतीने आयुष्य काढण्याची आपली तयारी आहे का, हे विद्यार्थ्याला स्वतः पडताळून पाहता येते.